आखातात नोकरी : ईसीआर, एजंट आणि टुरिस्ट व्हिसा

प्रश्न : कतारचा नोकरीचा व्हिसा आलाय. पण पासपोर्ट ईसीआर (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) आहे, म्हणून आणखी एक परवानगी लागेल असं एजंट सांगतो. खरं का?

खरं आहे. व्हिसा ही कतारची परवानगी. ईसीआर पासपोर्टवर आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा १८ देशांत कामाला जायचं तर भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याची परवानगीही लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर मिळते. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि प्रवासी भारतीय बिमा योजनेची पॉलिसी लागते. हा विमा १० लाखांचा, हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. मंजुरी नसेल तर विमानतळावर इमिग्रेशनलाच अडवतात.

दहावी पास असलेल्यांनी दाखला जोडून पासपोर्ट री-इश्यू करावा, ईसीआर निघून जातो. मात्र हे व्हिसाच्या आधी उरका. नव्या पासपोर्टचा नंबर बदलतो आणि जुन्या नंबरवर निघालेला व्हिसा अडचणीत येतो.

प्रश्न : एजंट सव्वा लाख मागतोय. देऊ का?

नाही. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतं. नोंदणी चालू आहे का, ते ई-मायग्रेटवर स्वतः पाहा. पैसे एजन्सीच्या बँक खात्यातच भरा, पावती घ्या. गावातल्या ‘ओळखीच्या’ मध्यस्थाच्या हातात रोख देऊ नका. पुढे तक्रार करायला कागदच उरत नाही.

प्रश्न : ‘टुरिस्ट व्हिसावर दुबईला या, तिथे बदलून देऊ’ म्हणतात.

तिथे गेल्यावर व्हिसा बदलता येतो, हे खरं. पण बदलेपर्यंत काम करणं बेकायदा आहे, आणि नेमकं तेवढ्यातच कामाला जुंपतात. नोंदलेला करार नसल्यामुळे पगार बुडाला तर दाद मागणं फार अवघड होतं. योग्य क्रम असा : ऑफर लेटरवर तुमची सही, वर्क परमिट, नोकरीचा एंट्री परमिट, मग प्रवास. वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) तिथे पोहोचल्यावर.

प्रश्न : दुबईतली कंपनी व्हिसाचा खर्च पगारातून कापणार आणि पासपोर्टही ठेवून घेणार म्हणते.

युएईच्या (दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीच्या) कामगार कायद्यात दोन्हीला मनाई आहे. भरतीचा खर्च मालकाचा. ऑफर लेटरपेक्षा कमी पगाराचा करार पुढे केला तर सही करू नका. ऑफर लेटरची एक प्रत घरी ठेवून जा. तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयाकडे करता येते, आणि भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवरून भारतीय वकिलातीकडेही.