बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र आणि तुझं पुढचं शिक्षण

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात टी.वाय. बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. यंदा मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र अभ्यासाला होतं. ते वाचल्यापासून अमेरिकेतली नागरी हक्कांची चळवळ, ‘अमेरिकन ओळख’ आणि असं लेखन यावरच पुढे शिकावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे; अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या भांडणाशी आपलं काय देणंघेणं? मॅडम, निषेधाचं लिखाण शिकून पोट भरतं का?

उत्तर : आधी सरळ सांगते. ‘निषेधाचं लिखाण’ अशी कुठे जागा निघत नाही. पण न पटलेल्या माणसाला त्याच्याच मान्य गोष्टींवरून आपल्या म्हणण्यापर्यंत आणायचं, हे ज्याला लिहून जमतं, त्याला वकिलीत, पत्रकारितेत, सामाजिक संस्थांत, अध्यापनात काम मिळतं. त्यामुळे तुला त्या पत्रातलं नेमकं काय आवडलं, ते आधी शोधू. तुझा रस्ता त्यावरून ठरेल.

पत्र कोणाला लिहिलंय, ते पुन्हा बघ. १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. त्या दिवशी वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करताना किंग यांना अटक झाली आणि त्याच तारखेचं एक निवेदन आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काढलं. निदर्शनं अविचारी आहेत, अवेळी आहेत, बाहेरच्यांनी येऊन ढवळाढवळ करू नये, दाद मागायची तर न्यायालयात मागा, असा त्याचा सूर. किंग यांनी उत्तरासाठी पोलीस आयुक्ताला निवडलं नाही, जमावालाही नाही. त्यांनी निवडलं या आठ जणांना. ‘तुमचं बरोबर आहे हो, पण आत्ता नको’ म्हणणारी ही माणसं. आपल्याकडेही ती प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक घरात भेटतात.

तुरुंगात कागद नव्हता. मजकूर सुरू झाला वर्तमानपत्राच्या समासात, मग कोणा काळ्या कैद्याने मिळवून दिलेल्या चिठोऱ्यांवर, आणि शेवटी वकिलांनी आणलेल्या वहीत. पण विचार कुठेही विस्कटलेला नाही. एकेक आक्षेप घेतलाय आणि त्याला उत्तर दिलंय. कायदा मोडण्याचं समर्थन करताना संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतांचे दाखले येतात, कारण वाचणारे बहुतेक पाद्री आहेत. त्या आठांत एक ज्यू धर्मगुरू होते, आणि पत्रात मार्टिन ब्यूबर या ज्यू विचारवंताचाही आधार आहे. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

आणि ते ‘थांबा’बद्दलचं लांबच लांब वाक्य! इंग्रजीत तीनशेहून जास्त शब्द, एकामागून एक ‘जेव्हा’. जमावाने मारलेली माणसं, पोलिसांच्या शिव्या, आणि मधेच सहा वर्षांची लेक. टीव्हीवर जाहिरात बघून तिला करमणूक बागेत जायचंय, आणि काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे बापाला तिला सांगता येत नाही, जीभ अडखळते. वाक्य संपतच नाही. मुख्य क्रियापदाची वाट बघताना वाचणारा स्वतः ताटकळतो, आणि मग किंग म्हणतात, आता कळेल आम्हाला थांबणं का जड जातं. मी हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचते तेव्हा अर्ध्यातच माझा श्वास संपतो. तू एकदा मोठ्याने वाचून बघ.

तू ‘अमेरिकन ओळख’ असा शब्द वापरला आहेस. त्यासाठी या पत्रापासून एकशे अकरा वर्षं मागे जा. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून निसटून आलेले. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात त्यांना स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलावलं होतं. सुरुवातीला ते देशाच्या संस्थापकांचं मनापासून कौतुक करतात. पण सर्वनामावर लक्ष ठेव : ‘तुमचे’ पूर्वज, ‘तुमचं’ स्वातंत्र्य. मग थेट विचारतात, गुलामाला तुमच्या या सणाचं काय? तरी शेवटी राज्यघटनेवरचा हक्क सोडत नाहीत, ती स्वातंत्र्याचीच सनद आहे असा दावा ठोकतात. तुम्ही जे लिहून दिलंय तेच आम्ही मागतोय, हा धागा डग्लसपासून किंगपर्यंत अखंड आहे. अमेरिकन असणं म्हणजे काय, याचं उत्तर तिथे ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनी सर्वात काटेकोरपणे लिहिलं, असं माझं ठाम मत आहे.

मात्र एका पत्राने कायदा झाला, असं समजू नकोस. २ मे १९६३ पासून बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले, कुत्री सोडली, आणि ती छायाचित्रं जगभर गेली. नागरी हक्क कायद्यावर सही झाली २ जुलै १९६४ रोजी, मतदान हक्काचा कायदा आला १९६५ मध्ये. लेखन चळवळीच्या सोबतीने चालतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढे निराशा येत नाही.

बाबांच्या ‘आपलं काय देणंघेणं’ला उत्तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच देऊन ठेवलंय. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका उघडून त्यांच्यासमोर ठेव. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते पुस्तक अर्पण केलेलं आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ हे नाव आलं ते अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरूनच. हे सगळं मूळ मराठीतून आणि मूळ इंग्रजीतून वाचू शकणारी मुलगी संशोधनाला बसली, तर तिच्याकडे असं भांडवल असतं जे अमेरिकेतल्या बहुतेक अभ्यासकांकडे नसतं.

आता पोटाचं. कायदा न्याय्य कधी आणि अन्याय्य कधी, हा भाग वाचताना तू पेन्सिलीने खुणा केल्या असशील, तर तीन वर्षांच्या एलएल.बी.चा गांभीर्याने विचार कर. पदवीनंतर राज्याची सीईटी देऊन प्रवेश मिळतो, आणि हा कल असेल तर माझी पहिली शिफारस तीच. वाक्यं, लय, दाखले यांनी वेड लावलं असेल तर इंग्रजीत एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. इथे बाबांची काळजी खरी आहे : कायमच्या प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात, आणि नेट-सेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतायत. म्हणून एम.ए. करतानाच भाषांतर आणि वार्तांकन यांपैकी एकाचा हात बसव. बी.एड. नंतरही करता येतं, त्याला नाक मुरडू नकोस. अमेरिकेला लगेच जायची घाई नको. फुलब्राइट-नेहरूसारख्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव मागतात. त्या-त्या वर्षीची सूचना नीट वाच.

कौशल्य कसं कमवायचं, तेही सांगते. मागे एक मुलगी शिष्यवृत्तीची रक्कम अडकल्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. दोन पानं, ‘अन्याय’ हा शब्द नऊ वेळा. मी विचारलं, हा कोण वाचणार? आधी लिपिक, मग प्राचार्य. त्यांना आधीच काय मान्य आहे? त्यांच्याच सूचनाफलकावरची मुदतीची तारीख. तिने तिथून सुरुवात करून एका पानात अर्ज लिहिला, आवक क्रमांक घेतला. पैसे लगेच आले नाहीत. पण आधीचे दोन अर्ज नुसते पडून होते, या अर्जावर शेरा पडला आणि तो पुढे गेला.

तू याच आठवड्यात असंच एक पत्र लिही, बाबांना. मराठीत, एक पान. किंग यांनीही सुरुवातीला त्या आठांचा हेतू चांगला आहे हे मान्य केलंय. तूही बाबांचं जे बरोबर आहे ते आधी लिही : फी, तुझं वय, नोकरीचा भरवसा. मग त्यांचा एकेक आक्षेप घे आणि आकड्यांनिशी उत्तर दे. कुठल्या महाविद्यालयात किती फी, किती वर्षं, मधल्या काळात तू काय कमावशील. पत्र त्यांच्या हातात दे आणि त्यांना वाचायला वेळ दे. ते काय म्हणाले, ते मला कळव.