ईगल्सची २०२५ ची कॉर्नरबॅकची फळी: स्ले आणि रॉजर्स गेल्यावर कोण कुठे उभा राहील?

आपला प्रश्न असा आहे की, डेरियस स्ले आणि आयझाया रॉजर्स हे दोघेही संघ सोडून गेल्यावर अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे येत्या हंगामासाठी कोणते कॉर्नरबॅक उरतात आणि पहिल्या सामन्यात त्यांपैकी कोण मैदानात दिसतील. मी साउथ जर्सीत राहतो आणि हा संघ बारकाईने पाहतो. हे उत्तर जुलै २०२५ च्या अखेरीस, ट्रेनिंग कॅम्प नुकताच सुरू झालेला असताना लिहीत आहे, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत यातली काही वाक्ये शिळी होतील हे गृहीत धरावे. माझा अंदाज थोडक्यात असा: क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन यांच्या जागांबद्दल वाद नाही. मिचेलच्या समोरच्या बाजूला पहिल्या सामन्यात अडोरी जॅक्सन दिसेल, पण नोव्हेंबरपर्यंत ती जागा किली रिंगोची झालेली असेल. आणि पाचवा भरवशाचा कॉर्नरबॅक आज संघात आहे असे मला वाटत नाही.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. कबड्डीतला कोपरारक्षक डोळ्यांसमोर आणला तर कॉर्नरबॅकचे काम निम्मे समजते. तो कडेला उभा राहून पास झेलायला पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला रोखतो, त्याची एक चूक संपूर्ण बचाव उघडा पाडते, आणि डाव्या कोपऱ्यात उत्तम खेळणारा उजव्या कोपऱ्यात तितकाच चालेल असे नसते. फरक इतकाच की, इथे दोन कोपऱ्यांबरोबर तिसरी जागाही असते. तिला स्लॉट किंवा निकेल म्हणतात. आजकाल बहुतेक संघ निम्म्याहून अधिक डावांत पाच बचावपटू मागे ठेवून खेळतात, म्हणून स्लॉटमधला खेळाडू कागदावर राखीव दिसला तरी प्रत्यक्षात तो पहिल्या पसंतीचाच असतो. संघ स्वतः जो डेप्थ चार्ट (पहिल्या पसंतीचे आणि राखीव खेळाडू दाखवणारा तक्ता) प्रसिद्ध करतो त्यावर विसंबून अंदाज बांधणारे लोक बहुतेक वेळा इथेच फसतात, कारण त्या तक्त्यात दोन कॉर्नरबॅकची नावे वर असतात आणि तिसरा, जो जवळजवळ तितकाच वेळ खेळतो, तो खालच्या ओळीत कुठेतरी सापडतो.

मी स्वतः गेल्या वर्षी सपशेल चुकलो होतो, ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ईगल्सने टोलीडो विद्यापीठाच्या मिचेलला २२ व्या क्रमांकावर घेतले. २००२ मध्ये लिटो शेपर्डला घेतल्यानंतर या संघाने पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक निवडण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या फेरीत त्यांनी वर सरकून ४० व्या क्रमांकावर आयोवाच्या डिजीनला उचलले. त्या उन्हाळ्यात मिचेलला सरावात स्लॉटमध्येही उभे केले जात होते, तेवढ्यावरून मी मिचेल स्लॉटमध्ये आणि डिजीन सेफ्टीच्या (सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या) जागी असा तक्ता मित्रांना लिहून दिला. प्रत्यक्षात मिचेल पहिल्या दिवसापासून बाहेरच्या बाजूला खेळला, स्लॉट अव्हाँटे मॅडॉक्सकडे राहिला, आणि कॅम्पमध्ये मांडीच्या दुखापतीने मागे पडलेला डिजीन पाचव्या आठवड्याच्या विश्रांतीनंतर, १३ ऑक्टोबरला क्लीव्हलंडविरुद्ध, स्लॉटमध्ये सुरुवातीपासून उतरला. ज्या जेम्स ब्रॅडबेरीला एका वर्षापूर्वी तीन वर्षांचा करार दिला होता, त्याला सेफ्टी म्हणून आजमावले गेले आणि तो दुखापतीमुळे हंगामभर खेळलाच नाही. यातून मी एक गोष्ट शिकलो: कोण श्रेष्ठ आहे हे आधी ठरवू नये, तर कोणत्या जागा आहेत आणि त्या प्रत्येक जागेसाठी प्रशिक्षकाला काय हवे आहे, हे आधी ठरवावे.

प्रशिक्षकाला काय हवे, हे ईगल्सच्या बचावाची सूत्रे सांभाळणाऱ्या विक फँजिओच्या बाबतीत बरेचसे ठाऊक आहे. त्याच्या बचावात दोन सेफ्टी खोल उभे राहतात आणि कॉर्नरबॅकने क्वार्टरबॅककडे (चेंडू फेकणाऱ्याकडे) नजर ठेवून आपल्या क्षेत्राची राखण करायची असते. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटून पळण्यापेक्षा समोर चेंडू झेलणाऱ्याला ताबडतोब पाडणे त्याला अधिक मोलाचे वाटते. मिचेलने २०२४ च्या साखळी हंगामात एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलणे) केले नाही, तरीही तो संघाचा सर्वांत भरवशाचा कॉर्नरबॅक ठरला, कारण त्याच्या बाजूला मोठी चाल फार क्वचित यशस्वी झाली. डिजीनची ओळख सुपर बोल या अंतिम सामन्यातल्या त्या इंटरसेप्शनमुळे झाली, ज्यात त्याने आपल्या बाविसाव्या वाढदिवशी ३८ यार्ड पळून टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला. पण मला विचाराल तर डिसेंबरच्या पहिल्या दिवशी बाल्टिमोरमध्ये डेरिक हेन्रीसारख्या, चेंडू घेऊन पळणाऱ्या आडदांड रनिंगबॅकला त्याने एकट्याने उचलून पाडले, तो क्षण फँजिओच्या दृष्टीने त्या टचडाउनइतकाच महत्त्वाचा असणार. त्या वर्षी हा बचाव प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या यार्डांच्या हिशेबात लीगमध्ये पहिला होता.

आता डिजीनमुळेच एक गुंता तयार होतो, आणि या वर्षीच्या अंदाजाची किल्ली तिथे आहे. संघ चारच बचावपटू मागे ठेवतो तेव्हा स्लॉटची जागा उरत नाही. गेल्या वर्षी अशा वेळी डिजीन बाकावर बसत असे. इतक्या चांगल्या खेळाडूला बाकावर बसवणे परवडत नाही, म्हणून त्याला त्या डावांत सेफ्टी किंवा बाहेरचा कॉर्नरबॅक म्हणून वापरण्याची चर्चा वसंत ऋतूपासून चालू आहे. सी. जे. गार्डनर-जॉन्सनला मार्चमध्ये ह्यूस्टनकडे पाठवल्यामुळे रीड ब्लँकनशिपच्या शेजारची सेफ्टीची जागा रिकामी आहे. त्या जागेसाठी दुसऱ्या फेरीत घेतलेला अँड्रू मुकुबा आणि सिड्नी ब्राउन स्पर्धेत आहेत. डिजीन त्या डावांत सेफ्टी झाला तर बाहेरचा दुसरा कॉर्नरबॅक प्रत्येक डावात मैदानात राहील. तो स्वतः बाहेर गेला, तर तोच दुसरा कॉर्नरबॅक काही डावांपुरता विश्रांती घेईल. मला पहिली शक्यता अधिक वाटते, कारण स्लॉटमध्ये असतानाही त्याची नजर आतल्या बाजूला असते, आणि ती सवय सेफ्टीच्या जागी उपयोगी पडते.

दुसरी बाहेरची जागा हा खरा प्रश्न आहे. रिंगोला २०२३ मध्ये चौथ्या फेरीत १०५ व्या क्रमांकावर घेण्यासाठी ईगल्सने पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची निवड देऊन टाकली होती, म्हणजे त्याच्यावर त्यांनी पैज लावली आहे. सहा फूट दोन इंच उंची, चाळीस यार्ड ४.३६ सेकंदांत पळण्याचा वेग, आणि जॉर्जिया विद्यापीठाला अलाबामाविरुद्धच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अखेरचे टचडाउन मिळवून देणारे इंटरसेप्शन, असे त्याचे भांडवल आहे. उणीव अशी की, सरळ रेषेत तो कोणालाही गाठतो, परंतु समोरचा खेळाडू अचानक थांबून वळला की त्याला कंबर फिरवायला एक पाऊल जास्त लागते. त्या एका पावलाच्या किमतीमुळेच गेल्या वर्षी स्ले जायबंदी असताना पहिली संधी रॉजर्सकडे गेली आणि रिंगो मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (चेंडू लाथेने मारायच्या डावांत) खेळला.

जॅक्सनचे नेमके उलटे आहे. तो २०१७ मध्ये टेनेसीकडून १८ व्या क्रमांकावर निवडला गेला, नंतर चार हंगाम न्यू यॉर्क जायंट्सकडे खेळला, आणि सप्टेंबरमध्ये तीस वर्षांचा होतो. एका वर्षाचा स्वस्त करार, दुखापतींचा इतिहास आणि रिंगोपेक्षा कमी उंची हे सगळे त्याच्या विरोधात जाते. तरीही पहिला सामना ४ सप्टेंबरला डॅलसविरुद्ध आहे. त्यांच्याकडे पास झेलणाऱ्या सीडी लॅम्बच्या जोडीला आता जॉर्ज पिकन्स आला आहे, आणि दुसऱ्याच आठवड्यात कॅन्सस सिटीला जायचे आहे. अशा सुरुवातीला फँजिओसारखा जुना प्रशिक्षक नैसर्गिक गुणांपेक्षा योग्य जागी उभा राहणारा अनुभवी खेळाडू पसंत करील, असे मला वाटते. मात्र वयाची तिशी गाठलेल्या जॅक्सनला सतरा सामने पेलतील यावर माझा विश्वास नाही, आणि रिंगोचा करार २०२६ पर्यंत असल्याने त्याला शिकवण्यात संघाचा स्वतःचा फायदा आहे. म्हणून मी वर नोव्हेंबर म्हटले.

यानंतर उरतात ते मॅक मॅकविल्यम्स आणि ईलाय रिक्स. मॅकविल्यम्स हा यंदाच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १४५ व्या क्रमांकावर आलेला सेंट्रल फ्लोरिडाचा खेळाडू. त्याची चण स्लॉटची आहे, त्यामुळे डिजीनचा बदली म्हणून त्याला जागा मिळेल. रिक्स २०२३ मध्ये ड्राफ्टविना आला. त्याचे हात लांब आहेत आणि चेंडूचा अंदाज चांगला आहे, पण पाचव्या-सहाव्या कॉर्नरबॅकची निवड कॉर्नरबॅक म्हणून होतच नाही, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. ५३ जणांच्या यादीतून सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जण गणवेश घालतात, आणि त्यांतला सहावा कॉर्नरबॅक पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडताना, तो परत आणणाऱ्याला पाडायला गनर म्हणून पळणारा असावा लागतो. ते काम रिंगो उत्तम करतो. तो मुख्य बचावात गेला तर त्याच्या जागी कोण पळेल, यावर रिक्सचे भवितव्य ठरेल.

पाचव्या खेळाडूबद्दल मी इतका साशंक का, हे २०२३ चा हंगाम आठवला की कळेल. त्या वर्षी झेक मॅकफिअरसन या कॉर्नरबॅकच्या टाचेची शीर सराव सामन्यात तुटली आणि मॅडॉक्सच्या छातीचा स्नायू दुसऱ्याच आठवड्यात फाटला. ऑक्टोबरमध्ये ब्रॅडली रोबीला बाहेरून आणावे लागले, डिसेंबरमध्ये स्लेच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि १०-१ अशी सुरुवात करणारा संघ अखेर टँपा बेकडून ३२-९ असा हरला. त्या उन्हाळ्यात कागदावर सहा नावे होती. यंदा कागदावरही तितकी भरवशाची नावे नाहीत. संघाचा व्यवस्थापक हाउई रोझमन हे जाणतो, आणि ऑगस्टमध्ये बाजारात उतरण्याची त्याची सवय जुनी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याने बफेलोकडून रोनाल्ड डार्बी हा कॉर्नरबॅकच आणला होता, २०२२ च्या ऑगस्टअखेरीस न्यू ऑर्लीन्सकडून गार्डनर-जॉन्सन, आणि गेल्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनकडून जहान डॉटसन. ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत कॉर्नरबॅकला हात न लावणे याचा अर्थ काही जण रिंगोवरील विश्वास असा लावतात. मला तो दुसऱ्या कुठल्या तरी संघातल्या तिसऱ्या-चौथ्या खेळाडूवर नजर ठेवण्याचा प्रकार वाटतो.

आपल्याला माझा अंदाज पडताळून पाहायचा असेल, तर सराव सामन्यांत कोण चांगला खेळला याकडे फार लक्ष देऊ नका. शेवटचा सराव सामना जेट्सविरुद्ध आहे, आणि २६ ऑगस्टला यादी ५३ वर आणावी लागते. त्या सामन्यात रिंगो आणि जॅक्सन यांच्यापैकी ज्याला गणवेशच घालू दिला नाही, त्याची जागा पक्की समजावी. दोघांनाही बसवले, तर स्पर्धा अजून संपलेली नाही. आणि रिंगो तिसऱ्या सत्रातही पळत असेल, तर मी नोव्हेंबर हा शब्द मागे घेईन.