‘अंकल हो’ मराठीत आणताना ‘हो काका’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: व्हिएतनामचे साम्यवादी क्रांतिकारक आणि राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह यांच्यावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चालू आहे. इंग्रजीत पानोपानी ‘अंकल हो’ येतं. ‘हो काका’ लिहावं, ‘चाचा नेहरू’च्या चालीवर ‘चाचा हो’ करावं, की ‘अंकल’च ठेवावं?

‘हो काका’ नकोच. वाचणाऱ्याला आधी काकांनी सांगितलेल्या कामाला कुणीतरी दिलेला होकार ऐकू येईल आणि क्रांतिकारक मग कधीतरी उगवेल. तरी ही अडचण किरकोळ आहे. खरी गोम इंग्रजी ‘अंकल’मध्येच आहे, कारण मूळ व्हिएतनामी शब्द त्याहून बराच नेमका आहे.

तो शब्द ‘बाक’. बाक म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. (उत्तरेकडे आईवडिलांच्या थोरल्या बहिणीलाही बाकच म्हणतात.) वडिलांचा धाकटा भाऊ तो ‘चू’. हिंदीत ताऊ आणि चाचा असा भेद आहे, तसाच हा. मराठीत दोघेही काका किंवा चुलते. फार तर ‘थोरले काका’ म्हणायचं, नाहीतर घराघरातलं अण्णा, आबा, तात्या यांपैकी काहीतरी. त्यामुळे ‘चाचा हो’ तर नात्यानेच चुकतं. तो ‘चू’ झाला.

व्हिएतनामीत ही नाती घरापुरती राहत नाहीत. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागीही बहुधा नात्याचेच शब्द येतात. समोरचा माणूस आपल्या वडिलांपेक्षा मोठा दिसला की बाक, लहान दिसला की चू, आपल्याहून थोडा मोठा असेल तर ‘आन’, म्हणजे दादा. मुलांशी बोलताना हो स्वतःला बाक म्हणवत आणि मुलांना ‘चाउ’. या ‘चाउ’त पुतण्या, भाची, नातवंडं सगळी मावतात. मृत्युपत्रातही त्यांनी तरुणांचा आणि बालकांचा उल्लेख चाउ असाच केला आहे.

आता ‘हो’कडे. ते आडनाव आहे आणि व्हिएतनामी रिवाजात आडनाव आधी येतं. पण माणसाला हाक मारतात ती शेवटच्या नावाने. फ्रेंचांविरुद्धची दिएन बिएन फूची लढाई जिंकणारे वो न्गुयेन झाप हे ‘जनरल झाप’, पंतप्रधान फाम वान डोंग हे ‘डोंग’. त्या हिशेबाने आपल्या माणसाचं ‘बाक मिन्ह’ व्हायला हवं होतं. आडनावाने ओळखलं जाणं हा तिथे क्वचित मिळणारा मान आहे. गंमत म्हणजे हे आडनाव त्यांचं जन्माचं नव्हेच. १८९० साली न्गे आन प्रांतात जन्मले ते न्गुयेन सिन्ह कुंग. १९११ मध्ये सायगावहून फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागले ते ‘बा’ या नावाने. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये व्हिएतनामींच्या मागण्यांच्या निवेदनाखाली सही होती न्गुयेन आय कुओक, म्हणजे ‘देशप्रेमी न्गुयेन’. ‘हो चि मिन्ह’ हे नाव १९४०च्या दशकातलं.

बाक ही हाकसुद्धा पहिल्यापासूनची एकमेव नव्हे. १९४५च्या सुमारास लोक ‘कू हो’ही म्हणत. कू म्हणजे पणजोबा, किंवा तितका वयोवृद्ध आदरणीय माणूस. हो तेव्हा जेमतेम पंचावन्नचे! सैनिकांना आजही ‘कू होंचे जवान’ म्हणतात, तो याच वापराचा अवशेष. पणजोबाचा थोरला काका झाला, म्हणजे अंतर कमी झालं आणि मान राहिला. हे सगळं आपोआप घडलं असं मात्र मी मानत नाही. त्यांचं एक गाजलेलं चरित्र त्यांनी स्वतःच टोपणनावाने लिहिलं असावं, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. स्वतःची प्रतिमा त्यांना चांगली सांभाळता येत होती.

आणि जिथे काका व्हायचं नाही तिथे ते होत नसत. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, मी बोलतोय ते ऐकू येतंय ना? तिथे ‘मी’साठी शब्द होता ‘तोय’, नात्याबाहेरचा, आणि जनतेसाठी ‘डोंग बाओ’. याचं ‘देशबांधव’ करतात, पण शब्दशः अर्थ ‘एकाच पिशवीतले’. आउ को या आदिमातेच्या शंभर अंड्यांच्या पिशवीतून सगळे व्हिएतनामी जन्मले, अशी तिथली कथा आहे. आपल्या ‘सहोदर’च्या अगदी जवळचा शब्द.

भाषांतरकाराला याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ‘बाक हो’ ही बोलणाऱ्याची भूमिका सांगणारी हाक आहे. त्यांच्या सरकारने केलेल्या १९५३ ते १९५६च्या जमीन सुधारणेत हजारो माणसं मारली गेली. १९५६च्या ऑगस्टमध्ये हो यांनी जाहीरपणे चुका कबूल केल्या, पक्षाचे सरचिटणीस चुओंग चिन्ह यांना पद सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द होंच्या न्गे आन प्रांतात शेतकरी उठले तेव्हा ते बंड सैन्याने मोडलं. त्या काळात होरपळलेल्या किंवा १९७५च्या साम्यवादी विजयानंतर देश सोडलेल्या घरांत ‘बाक’ सहसा ऐकू येत नाही. तिथे नुसतं ‘हो’, आणि त्या भाषेत नात्याशिवाय नुसतं नाव घेणं म्हणजे अरेतुरेच. उलट सरकारी लिखाणात बाकही अपुरं वाटतं तेव्हा ‘न्गुओय’ येतं, मोठ्या अक्षरात. अर्थ साधा, ‘माणूस’, पण तिथे ते जवळजवळ ‘महात्मा’च्या वजनाचं.

म्हणून निवेदनात सगळीकडे ‘हो चि मिन्ह’ लिहावं. इंग्रजी लेखकाने हौसेने घातलेले ‘अंकल’ बिनदिक्कत काढून टाका. कुणाच्या तोंडी हाक असेल तिथेच ‘बाक हो’ ठेवा आणि पहिल्या वेळी ‘थोरले काका’ असा खुलासा करा. नाना पाटलांना ‘नाना’ आणि शेकापच्या पुढाऱ्यांना ‘भाई’ म्हणत आलेल्या मराठी वाचकाला तेवढं पुरेल. मूळ लेख लहान मुलांसाठी असेल तर ‘होकाका’ जोडून लिहिलेलं चालेल, रामकाकासारखं. फक्त ते मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला आधी कल्पना द्या.

जाता जाता, ‘मिन्ह’ हे रोमन लिपीवरून आलेलं आहे. उच्चार ‘मिञ्’च्या जवळचा, ‘ह’ नाही. पण मराठीत ‘मिन्ह’ आता रुळलं आहे, ते बदलत बसू नये.