डेंग्यू आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे आता परत होणार नाही ना?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला गेल्या महिन्यात हॉस्टेलवर ताप आला आणि दोन दिवसांत उतरला, रिपोर्टमध्ये एनएसवन (व्हायरसचं प्रोटीन) आणि आयजीएम (ताज्या लागणीच्या अँटिबॉडी, म्हणजे लागणीशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) निगेटिव्ह पण आयजीजी (नंतरही रक्तात टिकून राहणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, त्याला तर डेंग्यू कधी झालाच नव्हता मग हे आलं कुठून. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयजीजी म्हणजे बहुतेक वेळा जुनी लागण. "कधी झालाच नव्हता" हे आपण नक्की सांगू शकत नाही, कारण डेंग्यूची लागण झालेल्या चारातल्या साधारण तिघांना काहीच जाणवत नाही किंवा अंग कसकसून सोडून देतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत रक्त तपासलं तेव्हा ५ ते ४५ वयातल्या जवळजवळ निम्म्या लोकांत डेंग्यूच्या अँटिबॉडी सापडल्या, पश्चिम भारतात तर ६० टक्क्यांच्या वर. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मुलांना जपानी मेंदूज्वराची लस देतात, तिच्यामुळेही कधीकधी ही टेस्ट पॉझिटिव्ह येते, त्याने ती घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता परत होणार नाही का? होऊ शकतो, आणि हेच मला कळकळीने सांगायचंय. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला की त्या प्रकारापासून जन्मभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून फक्त काही महिने. नंतर दुसरा प्रकार आला की जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात पण मारत नाहीत, उलट त्यांच्यामुळे व्हायरस पेशींमध्ये सहज शिरतो, म्हणून दुसरी लागण जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना डेंग्वॅक्सिया लस दिली, आणि २०१७ च्या शेवटी कळलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता त्यांच्यात लसीनेच पहिल्या लागणीसारखं काम केलं, त्यामुळे पुढे खरा डेंग्यू झाल्यावर त्या मुलांना धोका वाढला. कार्यक्रम थांबवावा लागला. तरी घाबरून जाऊ नका, दुसऱ्यांदा झालेलेही बहुतेक लोक नीट बरे होतात, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

लक्ष कशावर ठेवायचं तर नुसत्या प्लेटलेटवर नाही. लोक रोज काउंट बघत बसतात, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात आणि खरी धोक्याची वेळ निसटते. ती असते ताप उतरतानाची, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, सीबीसी म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो आणि बीपी पडू शकतं. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि तेवढ्यात पोटात जोरात दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, पोरगं सुस्त पडतं किंवा उगाच तळमळतं, लघवी कमी होते. यातलं एकही दिसलं तर लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा दुखण्याचं इंजेक्शन नको, रक्तस्राव वाढतो.

आणखी एक, पुढच्या वेळी एनएसवन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं धरू नका. दुसऱ्या लागणीत ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आयजीएमही कमी असतं आणि आयजीजी लवकर वर जातं. म्हणून हा रिपोर्ट जपून ठेवा, त्याच्या मोबाईलमध्ये फोटो असू दे, आणि पुढे कधीही ताप आला की डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगायला सांगा. रूममेटलाही ती लक्षणं समजावून ठेवा, हॉस्टेलवर रात्री बाजूला तोच असणार.

डासांचं म्हणाल तर हा दिवसा चावतो, खोलीतला कूलर, फ्रिजमागचा ट्रे, बाटलीतला मनी प्लांट हे आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायला सांगा, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात.