आधी तो कोट पाहा

प्रिय,

तुझं टिपण दोनदा वाचलं. इंग्लंडमध्ये एका तट्टाचं पोट फाडल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या जॉर्ज एडलजीला तू पहिल्याच ओळीत ‘वर्णद्वेषाचा बळी’ म्हटलं आहेस. माझंही मत तेच आहे. पण निकाल आधी लिहिला की पुढचा पुरावा आपण त्याच्या मापाने बेततो, आणि स्टॅफर्डशायरच्या पोलिसांनी नेमकं तेच केलं होतं.

तू दोन ओळींत उरकलेल्या कोटापाशी थांब. १८ ऑगस्ट १९०३ च्या सकाळी ग्रेट वर्लीत खाणीवरचं एक तट्टू पोट फाडलेलं सापडलं. पोलीस एडलजींच्या घरी गेले. वडील मूळचे मुंबईचे पारशी, ग्रेट वर्लीच्याच चर्चचे पाद्री, मुलगा जॉर्ज वकील. घरातला कोट जप्त झाला. त्यावर घोड्याचे केस आहेत, असं इन्स्पेक्टर म्हणत होता. एक तरी दाखवा, असं वडील म्हणत होते. संध्याकाळी डॉक्टरने तपासला तेव्हा केस निघाले. मात्र तोवर त्या तट्टाच्या कातड्याचा तुकडाही पोलिसांच्याच ताब्यात आला होता! कोट कुणाच्या हातून कुठे गेला, मध्ये काय घडलं, ते कागदावर क्रमाने मांड.

ज्यूरीवर तुझा राग दिसतो. गावात फिरलेली निनावी पत्रं एडलजीच्याच हातची, अशी साक्ष देणारे हस्ताक्षरतज्ज्ञ थॉमस गरिन यांची ॲडॉल्फ बेक या निरपराध माणसाच्या खटल्यातली घोडचूक उघड झाली १९०४ मध्ये. एडलजीला सात वर्षांची सक्तमजुरी झाली १९०३ मध्ये. ज्यूरीला जे ठाऊकच नव्हतं, ते तिच्या माथी मारू नकोस.

द्वेषालाही पुरावा लागतो, आणि इथे तो आहे. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख ॲन्सन यांनी १८९३ मध्येच, एका किल्लीच्या प्रकरणात, वडिलांना कळवलं होतं की तुमच्या मुलाने कितीही नाकारलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. तट्टू मरायच्या दहा वर्षं आधी. हे पत्र तुझ्या टिपणात नाही, याचं मला वाईट वाटलं.

एडलजीची बाजू घेणारे, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. एडलजीइतकी अधू नजर असलेला माणूस रात्री शेतं तुडवत जाईल कसा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण पुढे त्यांनीच तुटपुंज्या पुराव्यावर दुसऱ्या एकाकडे बोट दाखवलं. तेही लिही.

१९०७ मध्ये एडलजीला माफी मिळाली, भरपाई नाही. कारण सरकारी चौकशी समितीच्या मते तट्टू त्याने मारलं नव्हतं, पण निनावी पत्रं त्याचीच होती. हे तुला पटतं का, ते पुढच्या खर्ड्यात कारणांसह लिही. मी वाट पाहतो.