'गीतेचेच' मधला 'च'

इंदूर, 20 जानेवारी

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

परवा 18 जानेवारीला तू केंद्रात दिवसभर मौनात बसलीस आणि रात्री मला लिहिलेस, की ब्रह्माकुमारींचे ज्ञान हे गीतेचेच ज्ञान आहे, मग घरच्यांनी एवढे बिथरावे का? उत्तराला दोन दिवस लागले, कारण मी त्या 'च'शी अडलो.

सात दिवसांच्या कोर्समध्ये तू जे शब्द ऐकलेस ते सगळे तुझ्या आजीच्या तोंडचे आहेत. त्यांचे अर्थ मात्र आजीचे नाहीत. तिच्या पोथीत कल्प 432 कोटी वर्षांचा आणि एकटे कलियुगच 4,32,000 वर्षांचे. इथे चारही युगे प्रत्येकी 1250 वर्षांची, सगळे चक्र 5000 वर्षांत पुरे होते आणि पुढच्या खेपेला जसेच्या तसे पुन्हा फिरते. (त्या हिशेबाने हे पत्र मी तुला मागच्या चक्रातही लिहिले असणार, आणि तेव्हाही तू ते अर्धवट वाचून ठेवले असशील.) आजी 84 लक्ष योनी म्हणते, इथे माणसाचा आत्मा माणसाच्याच जन्माला येतो, आणि तोही फार तर 84 वेळा. शंकर निराळा आणि शिव निराळा. शिव हा ज्योतिर्बिंदू, आणि गीता सांगितली ती कृष्णाने नव्हे, त्या शिवाने. मुरली म्हणजे संस्थापक ब्रह्माबाबांच्या मुखातून शिवाने सांगितली असे मानली जाणारी, रोज सकाळी केंद्राकेंद्रांत वाचली जाणारी वाणी. राजयोगात आसन नाही, प्राणायाम नाही; डोळे उघडे ठेवून, आपण देह नसून भुवयांच्या मधला आत्मा आहोत, ही आठवण धरून बसायचे. हे सगळे नवे आहे, आणि होकार किंवा नकार द्यायचा तो नवे समजूनच द्यावा.

सिंधमधल्या हैदराबादेत हिऱ्यांचे व्यापारी लेखराज कृपलानी, म्हणजे हेच ब्रह्माबाबा, यांच्याभोवती 1930 नंतरच्या दशकात ओम मंडळी, म्हणजे आजच्या ब्रह्माकुमारींचे मूळ रूप, जमली आणि 1937 मध्ये त्यांनी तिचा कारभार स्त्रियांच्या हाती सोपवला. स्त्रिया, त्यांत विवाहिताही, ब्रह्मचर्याचे व्रत घेऊ लागल्या तेव्हा घराघरांत भांडणे पेटली, निदर्शने झाली, प्रकरण कोर्टात गेले आणि मंडळी कराचीला गेली. 1950 मध्ये ती माउंट अबूला आली. 18 जानेवारी 1969 रोजी लेखराज गेले. तुझे परवाचे मौन त्यांच्या स्मृतीचे. पुढेही सूत्रे दादी प्रकाशमणी, दादी जानकी अशा बायकांकडेच राहिली, याचा मला मनापासून आदर आहे. आपल्या मठ-संस्थानांना ते अजून साधलेले नाही.

तुझ्या आईचे दुःख ध्यानाचे नाही. तू पोह्यांवरचा कांदा वेचून बाजूला ठेवलास, ते तिने सोसले. पण शिवबाबांच्या आठवणीत शिजलेली नाही म्हणून तिच्या हातची आमटी नाकारलीस, ते तिला लागले. माझ्या आत्याने साठीनंतर हा मार्ग धरला. माळव्याच्या थंडीत पहाटे चारला शाल गुंडाळून ती लाल दिव्यासमोर अमृतवेळेला बसायची, आणि केंद्रातून आणलेली टोली, म्हणजे तिथला प्रसाद, आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. वैधव्यात तिला या मार्गापायी काही सोडावे लागले नाही, मिळालेच. तू चोवीस वर्षांची आहेस.

म्हणून ध्यान चालू ठेव, मुरली ऐक, पण समर्पणाचा, म्हणजे संसार न करता सारे आयुष्य केंद्राला वाहण्याचा, शब्द वर्षभर कुणालाही देऊ नकोस. या वर्षात केंद्रातल्या मोठ्या दीदींना दोन गोष्टी सरळ विचार: जुन्या सृष्टीचा विनाश जवळ आला आहे असे पहिल्या पिढीपासून सांगितले जाते, तर 'जवळ' म्हणजे किती, आणि मी लग्न करून, संसार करून इथे येत राहिले, तर मला इथे कोण समजले जाईल. त्या रागावणार नाहीत. उत्तर ऐकताना मात्र कोणता शब्द कोणत्या अर्थाने येतो, तिकडे कान ठेव.

आणि आईशी बोल. तू दिवसातून दहा वेळा 'बाबा' म्हणतेस, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कुणी जटाधारी उभा राहतो. तुझ्या मनात ज्योतिर्बिंदू असतो, हे तिला तुझ्याखेरीज कोण सांगणार?

रविवारी सकाळी दोघी या. पोहे करू, कांदा वेगळ्या वाटीत ठेवीन.

तुझे,
सर