शिडाच्या बोटीवर राहायला जाताना गिटार, पेटी आणि अ‍ॅम्प न्यावा का?

तुम्ही दोघं ३८ फुटी शिडाच्या बोटीवर वर्षभर कॅरिबियनमध्ये राहणार आहात आणि लाकडी गिटार, पेटी आणि छोटा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) यातलं काय टिकेल, असं विचारलंय. थेट सांगायचं तर पेटी घरीच ठेवा, चांगली लाकडी गिटारही घरीच. अ‍ॅम्प न्या, पण तो कुठे ठेवता याला महत्त्व आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात पेटी वाजवणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. पट्ट्या फुगून अडकतात, भात्याला बुरशी येते, सरस सुटतो. मुंबईत चार महिने कपाटात बल्ब लावून निभावतं. तिकडे आर्द्रता बहुतेक वर्षभर ७०-८० टक्क्यांच्या घरात, वर खारा वारा. पितळी रीडवर हिरवट थर चढला की सूर हलतो. ती साफ करून पुन्हा सुरात लावणारा कारागीर बेटाबेटांवर कुठे शोधत फिरणार?

गिटारचं लाकूड ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत खूश असतं. त्याहून दमट हवेत वरची फळी ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे तारा फळीला जिथे अडकवतात ती पट्टी) पोट काढते, तारा उंच जातात, बोटं दुखतात. पण त्याहून वाईट उष्णता. बंद बोटीत डेकखालची हवा तापली की सांध्यांचा ग्लू नरम पडतो. पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, त्याने ब्रिज हळूहळू उखडतो. म्हणून हरिकेनच्या हंगामात (१ जून ते ३० नोव्हेंबर) बोट किनाऱ्यावर काढून मायदेशी येणार असाल तर वाद्य आत सोडू नका.

पैसे असतील तर कार्बन फायबरची गिटार घ्या, ती फुगत नाही. नसतील तर पूर्ण प्लायची, नायलॉन तारांची स्वस्त क्लासिकल. तिच्या जाड तीन तारांवरचं वेटोळं काळं पडतं, पण पोलादासारखं गंजत नाही. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) आणि शे-दीडशे ग्रॅम रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की मणी स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास वाळवा. हायग्रोमीटरचा आकडा ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, मग लाकूड तडकतं.

तारांवर बसलेलं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणजे कोरडी दिसणारी तार रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजत पडते. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ पुरतं निघत नाही. आधी गोड्या पाण्यात घट्ट पिळलेलं, मग कोरडं. लेप दिलेल्या तारा जास्त टिकतात, पण कापलेल्या टोकाला पोलाद उघडंच राहतं, गंज तिथून सुरू होतो.

नांगर टाकून उभे असताना गिटार भिंतीला टांगली तरी चालेल, हवा खेळते. शिडं चढवली की बोट वीस-पंचवीस अंश कलते, तेव्हा हार्ड केसमध्ये घालून मधल्या भागात, खाली, पट्ट्याने बांधा. पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये नको, आपटणं तिथेच सर्वात जास्त आणि वरच्या झडपेतून पाणी गळण्याची भीतीही तिथेच.

आता अ‍ॅम्प. स्पीकरमागे मोठं चुंबक असतं आणि ते अ‍ॅम्प बंद असतानाही चुंबकच असतं. ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सर बऱ्याच बोटींत बंकखाली किंवा लॉकरमध्ये दडवलेला असतो. त्याच्यावर नकळत अ‍ॅम्प ठेवला की बोट वाकडी चालते आणि लोक सुकाणू तपासत बसतात. बोट धक्क्याला पक्की बांधलेली असताना ऑटोपायलटच्या पडद्यावरचा आकडा बघा, अ‍ॅम्प ठरलेल्या जागी ठेवा, पुन्हा बघा. दोन अंशांचाही फरक पडला तर जागा बदला. मीटरभर अंतर बहुधा पुरतं.

विजेचं म्हणाल तर बोटीचे १२ व्होल्ट नावालाच १२. सोलर चार्ज करत असेल तेव्हा ते १४.४ पर्यंत जातात, पेडल किंवा कीबोर्ड थेट जोडू नका. मध्ये आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा आणि वाद्याची वीज बोटीच्या वायरिंगपासून वेगळी ठेवणारा डबा. तरी घूं-घूं आलीच तर इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, फ्रिज आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करत गुन्हेगार शोधा. सरळ उपाय म्हणजे सेलवर चालणारा अ‍ॅम्प, बोटीशी वायरच नाही. (आणि रात्री आवाज कमीच ठेवा, पाण्यावरून तो भलता लांब जातो.)

किनाऱ्यावरच्या बारमध्ये वाजवायचा विचार असेल तर, पर्यटक म्हणून प्रवेश घेतल्यावर बहुतेक बेटांवर वर्क परमिटशिवाय पैसे घेऊन काम करता येत नाही. जेवणाच्या बदल्यात वाजवणंही कामात धरलं जाऊ शकतं, आधी विचारून घ्या. शिवाय गिटार जुनी असेल तर पाठ कोणत्या लाकडाची ते पाहा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती त्याला लागू नाही. प्रत्येक देशात नव्याने कस्टम्स असतं, तेव्हा तसली गिटार बोटीवर चढवूच नका.